बातमीदाराला पुढारी व्हायचे असेल तर: ली बाबूच्या वहीतून उचललेले

ग्रामपंचायतीची मुदत संपत आली की आमच्या दारव्हा तालुक्यात दोन गोष्टी वाढतात. एक चहाच्या टपरीवरची उधारी आणि दुसरे "भाऊ, फॉर्म भरू का?" असे विचारणारे फोन. मला येणारे फोन बहुतेक वार्ताहर पोरांचे असतात, कारण मी त्यांच्यातलाच. सतरा वर्षे एका दैनिकाचा वार्ताहर, त्याच दैनिकाचा एजंट, फाट्यावर झेरॉक्सचे दुकान, आणि जानेवारी २०२१ च्या निवडणुकीपासून ग्रामपंचायत सदस्य व उपसरपंच. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला. म्हणून एकदाचे लिहून काढतो. ज्याला उभे राहायचे आहे त्याने वाचावे, ज्याला नाही त्यानेही वाचावे. बातमी करायला कामी येईल.

यात एक कोरियन माणूस सारखा मध्ये येईल. त्याला कारण माझी पोरगी. ती अमरावतीला होस्टेलात राहते, अभ्यास करते असे म्हणते आणि रात्री कोरियन मालिका पाहते. दोन दिवाळ्यांपूर्वी घरी आली तेव्हा तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. लहानशा वहीचे पान, मुंगीएवढी अक्षरे, मध्येच गोल करून टाकलेले आकडे. म्हणाली, "बाबा, पाहा ना, तुमचीच वही दिसून रायली." ती वही होती दक्षिण कोरियाचा माजी पंतप्रधान ली नाक-योन याची. मी त्याला ली बाबू म्हणतो, का ते पुढे येईल. मी त्याच्याबद्दल एकेरीत लिहितो म्हणून ती रागावते, पण ज्या माणसाची वही आपल्यासारखी त्याला अहोजाहो जमत नाही.

हा माणूस १९५२ च्या डिसेंबरात दक्षिण जोल्ला प्रांतातल्या योंगग्वांग इथे शेतकऱ्याच्या घरी जन्मला. योंगग्वांग आपल्याकडच्या नागपुरी संत्र्यासारखे एका गोष्टीसाठी ओळखले जाते: खारवून वाळवलेली मासळी, तिला तिथे गुल्बी म्हणतात. पोरगा हुशार निघाला, ग्वांगजूला हायस्कूल, मग सेऊलच्या राष्ट्रीय विद्यापीठात कायदा. वकील मात्र झाला नाही. १९७९ साली दोंगा इल्बो या दैनिकात लागला (इल्बो म्हणजेच दैनिक) आणि २१ वर्षे बातमीदारी केली. मध्ये टोकियोला वार्ताहर म्हणूनही होता. २००० साली नोकरी सोडून आपल्याच भागातून संसदेत गेला, सलग चार वेळा निवडून आला. २०१४ मध्ये दक्षिण जोल्लाचा गव्हर्नर झाला. ३१ मे २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत पंतप्रधान. तिथे पंतप्रधान राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि संसद मंजुरी देते, तेव्हा आपल्या पंतप्रधानाशी त्याची तुलना करू नका. राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचा, पण सगळे प्रशासन हाकणारा माणूस समजा.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय कमी आहेत? टिळक संपादक होते, अत्रे 'मराठा' चालवत आमदार झाले, आमच्या यवतमाळात जवाहरलाल दर्डांनी वर्तमानपत्रही चालवले आणि मंत्रिपदही. खरे आहे. पण हे सगळे संपादक नाहीतर मालक. वार्ताहर, जो पावसात मोटरसायकल ढकलत पंचनाम्यामागे जातो, तो खुर्चीवर बसल्यावर काय करतो, हे मला पाहायचे होते. ते या बाबूत दिसले.

फॉर्म भरायच्या आधी

आधी पेपरचा हिशेब मोडा. आपल्याला पगार नसतो हे बाहेरच्या लोकांना माहीत नाही. आपण जगतो जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्टच्या शुभेच्छा, नेत्याचा वाढदिवस, वर्धापनदिनाची पुरवणी. आणि या जाहिराती देतो कोण? सरपंच, ठेकेदार, पतसंस्थेचा अध्यक्ष. ज्याच्याविरुद्ध उद्या उभे राहायचे आहे त्याचीच अर्ध्या पानाची जाहिरात तुमच्या नावावर थकलेली असते. माझी होती. प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी त्याने चौकात, माणसे जमलेली पाहून, मोठ्यांदा विचारले, "काऊन भाऊ, माह्या जाहिरातीचं बिल नेलंत ना?" मी नेले होते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. एजन्सी भावाच्या नाहीतर मित्राच्या नावावर करण्याचे नाटकही करू नका, गावाला सगळे कळते. निदान दोन महिने आधी सरळ एजन्सीचे डिपॉझिट परत मागा आणि पेपरला लेखी कळवा. माझे डिपॉझिट अजून आलेले नाही, तो भाग वेगळा.

दुसरे, ग्रामपंचायतीशी तुमचा कुठलाही धंदा असेल तर बंद करा. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा आर्थिक हितसंबंध निघाला तर सदस्यत्व जाते. माझ्या दुकानात ग्रामपंचायतीच्या झेरॉक्सचे खाते होते, महिन्याला तीन-चारशे रुपयांचे. ते मी फॉर्म भरण्याआधी बंद केले आणि पावती जपून ठेवली. निवडून आल्यावर सहा महिन्यांनी तक्रार झालीच. पावतीने वाचवले.

बाकी कागद सगळ्यांना सारखे: घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नको, शौचालय हवे, राखीव जागा असेल तर जातवैधतेचे पाहा, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर उगाच पैसे घालवू नका. दुसऱ्याच्या फॉर्मवर हरकत घ्यायला पोहोचलेले वार्ताहर स्वतःची घरपट्टी भरायला विसरतात. असे दोन मी पाहिले आहेत.

आता ली बाबूचे एक सांगतो, जे मला आवडत नाही. बातमीदार असताना तो किम दे-जुंग या विरोधी नेत्याच्या मागावर असे; तेच काम त्याला वाटून दिलेले. पुढे किम राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्याच पक्षाने याला राजकारणात आणले. म्हणजे ज्याच्या बातम्या केल्या त्याच्याच तिकिटावर उभा राहिला. तिथेही हे चालते, इथेही चालते. फरक एवढाच की ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, त्यामुळे आपण कोणाचे आहोत हे लपवता येते. लपवू नका. मला प्रचारात सगळ्यात जास्त विचारले गेले ते रस्त्याबद्दल नाही, नालीबद्दलही नाही. "तू कोणाचा?" एवढेच.

जुन्या बातम्या परत येतात

मत मागायला जाण्याआधी आपल्या कात्रणांची फाइल एकदा चाळा. आपण विसरतो, ज्याच्यावर लिहिले तो विसरत नाही. मी एकदा सिंचन विहिरींच्या अनुदानावर बातमी केली होती. विहीर कागदावर, शेतात खड्डासुद्धा नाही. बातमी खरी होती, पण एका गट नंबरचा आकडा उलटा पडला आणि भलत्याच माणसाची बदनामी झाली. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, आतल्या पानावर, चार ओळी. प्रचारात त्याच्या दारात गेलो तेव्हा त्याची म्हातारी बाहेर आली. म्हणाली, "बापा, त्या टायमाले पोरीचं लगन मोडता मोडता वाचलं." मी तिथेच ओसरीवर बसलो, पाणी मागितले, माफी मागितली. मत मिळाले की नाही देव जाणे. पण अशी घरे आधी शोधा आणि तिथे पत्रक घेऊन जाऊ नका, रिकाम्या हाताने जा.

वही

आता मुद्द्यावर येतो. बातमीदाराकडे दोन हत्यारे असतात, लेखणी आणि वही. खुर्चीवर बसल्यावर लेखणीचा उपयोग संपतो, तिचा मोह मात्र राहतो. वही मात्र कामाला येते. पण तिच्यातला मजकूर बदलावा लागतो, आणि हे मला कोणी सांगितले नव्हते.

बातमीच्या वहीत आपण लिहितो: कोण, काय, कुठे, केव्हा, का. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षे मी तेच लिहीत गेलो. "वॉर्ड क्र. २, पाइपलाइन फुटली, आठ दिवस झाले, नागरिक संतप्त." पुढे काही नाही. अरे, संतप्त नागरिक माझ्याकडेच आले आहेत, मी कोणाला सांगतो आहे?

ली बाबूचे ते पान २०१९ चे. ४ एप्रिलच्या संध्याकाळी कोरियाच्या पूर्वेकडे, गांगवोन प्रांतातल्या गोसोंग इथे विजेच्या तारेवरच्या ठिणगीतून डोंगरात आग लागली. वारा असा की रात्रीतून आग सोक्चो शहरापर्यंत पोहोचली. घरे जळाली, हजारो लोक बाहेर काढले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान तिथे होता. त्या वहीची पाने नंतर लोकांसमोर आली तेव्हा तिकडे मोठी चर्चा झाली, कारण त्यात भाषणाचे मुद्दे कमी आणि कामांची उतरंड जास्त होती. आधी विझलेल्या आगीत धुगधुगी राहिली आहे का पाहणे आणि ती पुन्हा भडकू नये म्हणून पहारा. मग निराधार झालेल्यांचे जेवण, कपडे, औषधे, पोरांची शाळा, खोळंबलेली शेती. त्यानंतर घरांची उभारणी. सगळ्यात शेवटी, यंत्रणेत काय दुरुस्त करायचे. पोरगी भाषांतर करून सांगत होती आणि मी 'पोरांची शाळा' आणि 'शेती' या दोन शब्दांवर अडकलो. घर जळालेल्या माणसाला पंतप्रधान भेटायला येतो आणि वहीत लिहितो की याच्या पेरणीचे काय. शेतकऱ्याच्या पोटचा आहे, दुसरे काय.

तेव्हापासून माझ्या वहीत चार रकाने आहेत. काय करायचे. कोणी करायचे (विभाग नाही, माणूस). कधीपर्यंत. आणि चौथा, जो सगळ्यांत महत्त्वाचा: मी समोरच्याला काय शब्द दिला. हा चौथा रकाना नसेल तर तुम्ही तीन माणसांना तीन वेगवेगळ्या तारखा सांगता, आणि ते तिघे रविवारी एकाच पारावर बसतात.

एक पान दाखवतो. २२ जुलै २०२३. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस झाला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्यांना काढायला हवाई दलाचे हेलिकॉप्टर आले. आमच्याकडे हेलिकॉप्टरएवढे संकट नव्हते. नाला गावात घुसला आणि नाल्याकाठची घरे शाळेत आणावी लागली. तेव्हा ली बाबू मला माहीत नव्हता. तरी त्या रात्री भीतीने असेल, पण वही आपोआप सुधारली. जसेच्या तसे उतरवतो:

"शाळेत ६४. तान्ही ७. दूध, गवळ्याकडून ५ लिटर, पैसे मी दिले.
नाल्याकाठचा खांब झुकला. लाइनमन ९.१० ला फोन. १०.३० ला पुन्हा. लाइन बंद केली म्हणतो, पाहून येणे.
तलाठी, रस्ता बंद, उद्या येतील. तोवर फोटो आपण. भिंतीला काठी लावून.
कोपऱ्यावरची आजी, शुगरच्या गोळ्या घरात. गोळीचे नाव? नातवाला विचार.
बकऱ्या कोणाच्या किती, लिहून घे, सकाळी भांडण होईल."

काठीचे सांगतो, कारण ते तुम्हाला कोणी शिकवणार नाही. पाणी घरात किती चढले हे ओसरल्यावर सिद्ध करता येत नाही. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत भिंत वाळते. म्हणून पाणी असतानाच काठीवर फुटाच्या खुणा करून ती दाराच्या चौकटीला उभी धरायची, घरमालक फोटोत दिसला पाहिजे आणि मागे घर क्रमांकाची पाटी. बातमीसाठी आपण रडणाऱ्या बाईचा फोटो काढतो. पंचनाम्यासाठी काठीचा काढायचा. शेताचेही तसेच: मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावे लागते, म्हणून बांधावर उभे राहून हळहळणारे फोटो नकोत. वावरात उतरा, पिकाचे तास (ओळी) मोजा, किती झाडे आडवी ते दाखवा. आमच्या ५८ घरांपैकी ५५ घरांचे पंचनामे वाद न होता झाले. राहिलेल्या तिघांकडे त्या रात्री काठी पोहोचली नव्हती.

आणि बकऱ्यांचे भांडण झालेच. पण वहीत आकडा होता.

तोंड

बातमीदाराला प्रश्न विचारायची सवय असते, उत्तर द्यायची नसते. पहिल्या ग्रामसभेत एकाने विचारले, "पाण्याच्या टाकीचं काय झालं?" आणि मी उलट विचारले, "तुम्हाला काय वाटते काय झाले असेल?" लोक हसले, तो चिडला, अर्धा तास गेला.

ली बाबू या बाबतीत तिकडे प्रसिद्ध झाला. २०१७ च्या सप्टेंबरात संसदेत विरोधी खासदार त्याला प्रश्नांनी घेरत होते. आवाज चढवायचा नाही, प्रश्न पुरा ऐकायचा, एका वाक्यात उत्तर. एका खासदाराने विचारले की सरकारी वाहिन्यांवर पक्षपाती बातम्या चाललेल्या पाहिल्यात का. याने शांतपणे सांगितले की त्या मी फारशा पाहतच नाही, जास्त निःपक्षपाती वाटतात त्या वाहिन्या पाहतो. विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्नच गळून पडला. त्याआधी, २००२ च्या डिसेंबरात रोह मू-ह्यून राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा हा त्यांचा प्रवक्ता होता. त्याच्याही आधी-नंतर पक्षाचा प्रवक्ता. आखूड वाक्य तिथे मुरलेले.

आपल्याला एवढे तीक्ष्ण व्हायची गरज नाही, आपण त्याच गावात राहतो आणि ज्याला गप्प केले त्याच्याच विहिरीवरून उन्हाळ्यात पाणी आणायचे असते. पण क्रम घ्या. आधी आकडा सांगा, मग कारण. "टाकीचे ७० टक्के काम झाले, पुढचा हप्ता आला नाही, कारण मोजमाप पुस्तिकेवर सही बाकी आहे." कारण आधी सांगितले की लोकांना बहाणा वाटतो. माहीत नसेल तर "आठ दिवसांत सांगतो" म्हणा आणि त्यांच्यासमोर वहीत लिहा. समोर लिहिणे महत्त्वाचे. म्हातारी माणसे वहीकडे पाहतात, तोंडाकडे नाही.

ग्रामसभेच्या तारखा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांपैकी १ मे सगळ्यात कठीण. ऊन, लग्ने आणि पाण्याची टंचाई एकदमच. त्या सभेला पोटभर जेवून जा.

बाबू व्हा, पण कोणाचा अपमान करून नाही

गव्हर्नर असताना ली बाबूला कर्मचारी चिडवत. 'ली जुसा' म्हणायचे. जुसा म्हणजे खालच्या दर्जाचा सरकारी कारकून. प्रांताचा प्रमुख असून आकडा, तारीख, शब्द इतका बारकाईने तपासायचा की साहेब कमी, कारकून जास्त. मी त्याला ली बाबू म्हणतो ते यावरूनच.

हे आपल्याला जमते, कारण कागद वाचायची सवय आहे. नमुना ५ म्हणजे रोकडवही, ८ म्हणजे कर आकारणी, ९ म्हणजे मागणी. हे तीन मागून घ्या, दुसरे काही मागू नका. पण मागायची पद्धत बदला. वार्ताहर म्हणून आपण ग्रामसेवकाकडे माहिती अधिकाराच्या सुरात मागतो. आता तो तुमच्यासोबत पाच वर्षे बसणार आहे, आणि त्याच्याकडे आणखी दोन गावांचा भार आहे. मी पहिल्या महिन्यात रोकडवहीतली चूक सगळ्यांसमोर दाखवली. चूक १२० रुपयांची होती. त्यानंतर सहा महिने मला प्रत्येक कागद नियमाप्रमाणे, म्हणजे सात दिवसांनी मिळाला. आता मी चूक दिसली की दार लोटून घेतो, चहा मागवतो आणि विचारतो, "भाऊ, हे मला समजून नाही रायलं." बहुतेक वेळा खरेच समजलेले नसते.

शंभर वॉनची गाडी

हा भाग नीट वाचा, कारण इथे मी ली बाबूची नक्कल करायला गेलो आणि आपटलो.

दक्षिण जोल्ला म्हणजे आपल्यासारखाच शेतीचा, तरुण शहरात गेलेला, म्हाताऱ्यांनी भरलेला प्रांत. बसला माणसे नाहीत म्हणून बस बंद, बस बंद म्हणून म्हातारी माणसे दवाखान्याला जात नाहीत. त्यावर २०१३ मध्ये सोचोन नावाच्या दुसऱ्या एका भागात एक तोड निघाली होती: बस थांबा लांब असलेल्या गावातल्या माणसाने टॅक्सीला फक्त १०० वॉन द्यायचे, उरलेले भाडे स्थानिक सरकार भरणार. १०० वॉन म्हणजे आपले सहा-सात रुपये. ली बाबूने २०१४ च्या निवडणुकीत दक्षिण जोल्लासाठी याचेच वचन दिले आणि निवडून आल्यावर सुरू केले. दुसऱ्याची चांगली कल्पना उचलताना त्याला लाज वाटली नाही, हे मला त्या योजनेइतकेच आवडले.

आमची स्थिती अशी. दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे बंद. रात्रीची मुक्कामी एसटी २०२१ च्या संपात गेली ती परत आली नाही. पुढे सरकारने ७५ वर्षांवरील लोकांना एसटी फुकट केली, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट केले. आमच्या गावातल्या बायका म्हणतात, "तिकीट अर्धं झालं, पण गाडी तं पुरीच गेली." फाटा सहा किलोमीटर, आरोग्य केंद्र अकरा.

मी ग्रामसभेत ठराव मांडला: मंगळवारी आणि शुक्रवारी गावातला एक ऑटो म्हाताऱ्या माणसांना आरोग्य केंद्रात नेईल, माणसी दहा रुपये, फेरीचे उरलेले पैसे ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून. टाळ्या पडल्या. बातमीसुद्धा आली, मीच एका मित्राकडून करवून घेतली. फोटोत मी ऑटोला नारळ फोडतो आहे. ही पहिली चूक.

दुसरी, 'म्हातारा कोण' हे ठरवले नव्हते. पहिल्याच शुक्रवारी ऑटोत दोन म्हातारे आणि चार बाजाराला जाणारी धडधाकट माणसे. उतरवले तर भांडण. कोरियात पात्र गावांची आणि माणसांची यादी आधी, कूपन मोजून, मगच गाडी. मी आधी गाडी आणली, मग यादी करायला बसलो. तिसरी चूक, ऑटोवाल्याशी लेखी काही नव्हते. लग्नसराई लागली आणि तो वराती नेऊ लागला. त्याचेही चूक नाही, वरातीत मंगळवारच्या तिप्पट मिळतात. चौथी चूक पैशाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, तो हलवता येत नव्हता. उरला स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, आणि घरपट्टी भरतो कोण? लेखापरीक्षणात शेरा आला. साडेतीन महिन्यांत ऑटो थांबला.

मग सरपंचताईंनी, त्या माझ्यापेक्षा हिशेबी आहेत, वेगळे सुचवले. स्वनिधीतला दहा टक्के महिला व बालकल्याणाचा असतो. त्यातून फक्त गरोदर बायका आणि ओल्या बाळंतिणी, अंगणवाडी सेविकेच्या यादीप्रमाणे, तपासणीच्या दिवशी. कूपन माझ्या दुकानात नाही, आशाताईंकडे. ऑटोवाल्याला महिन्याच्या पाच तारखेला पैसे. हे चालू आहे, आज दीड वर्ष झाले. म्हातारे राहिलेच. गावातले एक आजोबा मला भेटले की विचारतात, "भाऊ, मी गरोदर होऊ काय आता?"

तेव्हा असे काही करणार असाल तर क्रम उलटा ठेवा: यादी, पैशाचे खाते, लेखी करार, गाडी. आणि नारळ सहा महिन्यांनी.

शीर्षकाचा मोह

ली बाबू शेवटी राष्ट्राध्यक्ष झाला नाही. पंतप्रधानपद सोडल्यावर २०२० मध्ये तो सेऊलच्या जोंगनो मतदारसंघातून जिंकला, पक्षाचा अध्यक्ष झाला, पुढचा राष्ट्राध्यक्ष हाच असे लोक बोलू लागले. मग २०२१ च्या पहिल्याच दिवशी त्याने एक गोष्ट बोलून टाकली: तुरुंगात असलेल्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना माफी द्यावी असे सुचवणार. त्याचेच समर्थक बिथरले. त्या वर्षी ऑक्टोबरात पक्षांतर्गत निवडणुकीत तो ली जे-म्योंगकडून हरला. २१ वर्षे बातमीदार होता, नववर्षाच्या मुलाखतीतून कोणते शीर्षक निघेल हे त्याच्याइतके कोणाला कळत होते? तरी बोलला. मनातले बोलला असेल, मी त्याला दोष देत नाही. पण आपल्या जातीला शीर्षकाचा मोह असतो हे मात्र खरे. मी एकदा टपरीवर "घरपट्टी न भरणाऱ्यांची नावे चौकात लावली पाहिजेत" म्हणालो. लावली नाहीत. पण गावाने लावली असेच धरले, आणि त्या वर्षी वसुली आणखी खाली गेली.

पक्षाचेही एक. २००३ मध्ये त्याचा पक्ष फुटला तेव्हा तो जुन्या, बुडत्या पक्षात राहिला. २००४ मध्ये त्या पक्षाचे अवघे नऊ खासदार आले, त्यात हा एक. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, मोठा पक्ष सोडून स्वतःचा नवा काढला आणि ग्वांगजूतून उभा राहिला. जिथे शाळा शिकला तिथे चौदा टक्केही मते मिळाली नाहीत. यातून काय घ्यायचे ते मला कळत नाही, म्हणून सल्ला देत नाही. राहिला तेव्हा लोकांनी ठेवला, निघाला तेव्हा लोकांनी काढला, एवढे दिसते.

किरकोळ, पण विसरू नका

निकाल लागल्यापासून तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्या. हरलात तरी द्या. न देणारा अपात्र ठरतो आणि पुढच्या वेळी विरोधक ते शोधून काढतो. त्यासाठी प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या बाजूने लिहायला लागा: चहा किती, पेट्रोल किती.

वही शंभर पानी घ्या, खिशात मावेल अशी, शिवलेली. स्प्रिंगची घेऊ नका, पाने सुटतात आणि फाडायचा मोह होतो. बॉलपेन वापरा, जेल नाही. २२ जुलैच्या रात्री जेलने लिहिलेली दोन पाने निळी झाली, त्यात कोणाला काय शब्द दिला होता ते अजून मला आठवत नाही. कोणी आठवण करून दिली की मी हो म्हणतो.

माझ्या चालू वहीत एक ओळ आहे, मुक्कामी गाडीची. आगाराला पहिला अर्ज दिला तो तारखेसह लिहिला आहे. त्यानंतर ही ओळ अकरा वेळा नव्या पानावर उतरवली, प्रत्येक वेळी 'कोणी' च्या रकान्यात नवीन साहेबाचे नाव, कारण मधल्या काळात तीन बदलले. 'कधीपर्यंत' चा रकाना कोरा आहे. यंदा आमच्या वॉर्डात बायकांचे आरक्षण निघाले तर मी उभा राहणार नाही, घरच्यांना उभे करून मागून कारभार करणाऱ्यांतला मी नाही. जो कोणी निवडून येईल त्याने दुकानावर यावे. ती ओळ आपल्या वहीत उतरवून घ्यावी, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.